पिठासाठी आणलेलं पाणी

प्रिय गुंड्या,

तुला आणि सूनबाईला माझे आणि बाबांचे मनापासून आशीर्वाद. हे पत्र तुझ्या हातात पडलं म्हणजे शिवणवाल्या काकू पोचल्या, आणि त्यांच्याबरोबर तुमची लेक मिठूही पोचली. आधी तिला काहीतरी खायला दे. गाडीत तिला मळमळतं, त्यामुळे वाटेत तिने काही खाल्लं नसणार आणि काकूंना मात्र पोट टम्म भरलंय म्हणून सांगितलं असणार. खाऊन झालं की ती झोपेल. दुपारी झोप म्हटलं की घर डोक्यावर घेणारी ही पोर हल्ली आपणहून उशी घेऊन येते. ती झोपली की हे वाचायला बस, आणि सूनबाईलाही शेजारी बसव. मला चार ओळींत मुद्द्यावर येता येत नाही हे तू जाणतोसच. तुझे बाबा म्हणतात, घराला आग लागली तरी मी आधी काडेपेटी कुठून आणली ते सांगेन. म्हणू देत. मला हे माझ्या पद्धतीनेच सांगायचंय, कारण विषय मिठूच्या तब्येतीचा आहे, आणि फोनवर मी तुला त्यातलं निम्मंसुद्धा सांगितलेलं नाही.

बेकरी तू सोडून गेलास तशीच आहे. खाली भट्टी आणि दुकान, वर आपल्या दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात बाबांची लाडकी बोअर, आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे कंपनीची मागची बाजू. त्या भिंतीवर चढून तू पलीकडच्या हौदात दगड टाकायचास आणि रंगीत बुडबुडे आले की टाळ्या पिटायचास. मी पाठीत धपाटा घालायचे तो तू पडशील म्हणून. हौदात काय आहे, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. कंपनी रंग बनवते, मग तिचं पाणी रंगीत असणारच, एवढंच आमचं ज्ञान. वास यायचा, जरा गोडसर, जुन्या औषधांच्या कपाटासारखा. वारा आपल्या बाजूला फिरला की सगळी गल्ली न सांगता खिडक्या लावून घ्यायची. पाहुण्यांनी नाक मुरडलं तर आम्हाला त्यांचाच राग यायचा. गल्लीतल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी कंपनीत कामाला, आणि कंपनीच्या कँटीनला पाव आपला. तुझी शाळा, तुझं कॉलेज सगळं त्या कँटीनच्या जिवावर झालं. कोणत्या तोंडाने नावं ठेवणार होतो आम्ही?

मागच्या हिवाळ्यात बाबांचं पीठ फुगेनासं झालं. फोनवर मी ते गंमत म्हणून सांगितलं होतं, तू हसलाही होतास. इथे मात्र हसायची सोय नव्हती. पहाटे पीठ मळून, ओलं फडकं घालून ठेवायचं आणि फडकं उचललं की खाली मुकाट बसलेला गोळा. बाबांनी आधी यीस्टवाल्याला फैलावर घेतलं, जुना माल गळ्यात मारतोस म्हणून. मग मैदा बदलला. मग भट्टीला दोष दिला. मग मला, मी खिडकी उघडी ठेवते आणि पिठाला गार वारा लागतो म्हणून. तीस वर्षं ती खिडकी उघडी होती, पण नवऱ्याचं पीठ बसलं की बायकोची खिडकीच सापडते. यीस्ट वाढवून पाहिलं, साखर वाढवून पाहिली, तर पाव फुगायचा आणि भट्टीत गेल्यावर पुन्हा बसायचा, वर आंबूस वास. रिटायर झालेले पोस्टमास्तर एक पाव परत घेऊन आले आणि म्हणाले, हा ठेवा, दार आपटतंय तिथे अडकवायला कामाला येईल. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पाव बिघडला की हा माणूस असा वागतो, जणू घरातलं कुणी आजारी आहे.

मग एका पहाटे बोअरची मोटर बंद पडली. कँटीनचा पाव तर वेळेवर जायलाच हवा. बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून विकतच्या पाण्याचा जार आणला, त्यातच पीठ मळलं आणि मला खालून हाक मारली. मी घाबरून धावत गेले. फडक्याखाली पीठ पूर्वीसारखं टरारून वर आलेलं. बाबांनी त्यात बोट दाबलं, खड्डा पडला आणि हळूहळू आपणच भरून आला. आम्ही दोघं म्हातारे ते बघत वेड्यासारखे हसत उभे होतो. लग्नानंतर इतके खूश आम्ही क्वचितच झालो असू. मोटर दुरुस्त झाली, तरी त्या दिवसापासून पिठासाठी जार येऊ लागले. पाणी खराब झालंय, पिठाला चालत नाही, हे आम्हाला कळलं होतं, आणि आम्ही त्यावर उपायही केला होता. पाव पुन्हा पावासारखा झाला. पोस्टमास्तरही पुन्हा पाव न्यायला लागले.

आता वरच्या खोल्यांतलं सांगते. त्याच दिवसांत मिठूचे तळहात सोलवटायला लागले. मला वाटलं, थंडीने. मी तेल चोळत होते. मग तिचं पोट दुखायला लागलं, शाळेच्या वेळेलाच दुखतं म्हणून मी तिला दटावलं. मग बाई वहीत लिहून पाठवायला लागल्या, मुलगी बाकावर डोकं टेकवून बसते. मी जंताचं औषध दिलं, टॉनिक दिलं, चष्मा लागला असेल म्हणून डोळे तपासून आणले. जिना एका दमात चढणारी पोर मध्ये बसायला लागली, आणि विचारलं तर म्हणायची, मी पायरीशी गप्पा मारतेय. तुला माहीतच आहे, ही बया बोलण्यात कुणाला हार जात नाही. तिची वेणी घालताना कंगव्यात केस यायचे ते मी मुठीत लपवायचे, तिला दिसू नयेत म्हणून. खरं म्हणजे मलाही ते बघायचे नव्हते. गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, मूल पाणी कमी पितं, पाणी वाढवा. मग काय, आजीबाई हातात पेला घेऊन तिच्या डोक्यावर उभ्या. संपव म्हणायचे. शेवटच्या घोटापर्यंत संपव. बोअरचं गार पाणी, माझ्या हाताने भरलेलं. हे लिहायलाच हवं.

एका सकाळी ती पेला घेऊन खाली आली. बाबा कोपरापर्यंत पिठात होते, मी पाव कागदात बांधत होते. ती जारपाशी उभी राहिली आणि म्हणाली, आजोबा, वरचं पाणी जिभेला टोचतं, मला यातलं द्या ना. बाबा मान वर न करता म्हणाले, ते पिठाचं आहे बाळा, तू वर जाऊन पी. ती शहाण्यासारखी बरं म्हणाली आणि जिना चढायला लागली. बाबांनी आणखी दोन-तीनदा पीठ दाबलं असेल, मग त्यांचे हात थांबले. माझेही थांबले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, गुंड्या, आणि मी जिन्याकडे धावले. ती मधल्या पायरीवर बसून पीत होती. मी पेला हिसकावला तर घाबरून रडायला लागली, तिला वाटलं तिचं काही चुकलं. बाबा जिन्याखाली पिठाचे हात तसेच धरून उभे होते. पाण्याने पीठ मरतं हे ज्या माणसाने ओळखलं, त्याला ते पाणी पोरीला पाजू नये एवढं सुचू नये? आणि मला? आम्हाला पाव दिसला, कारण आमचा सगळा जीव त्या पावात असतो. मिठू आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही तिला चष्मा लावायला निघालो होतो.

त्यानंतर मी तिला मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तुला फोनवर सांगितलं होतं ना, रक्त थोडं कमी आहे, गोळ्या दिल्यात? ते तेवढंच नव्हतं. रक्तात जे असायला नको ते आहे. बाईंनी नाव सांगितलं, मी ते तिथल्या तिथे विसरले, रिपोर्ट पिशवीत ठेवलाय तो तू वाच. त्यांनी विचारलं, कुठे राहता? मी म्हटलं, कंपनीमागची गल्ली. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवून नीट समजावलं. नुसतं पिण्याचं पाणी बदलून भागणार नाही. आंघोळ आहे, वाफ आहे, अंगणातली माती आहे, वारा आहे. मोठ्यांचं शरीर तग धरतं, लहानांचं अजून बनत असतं, त्यात हे मिसळलं की पुढे किडनी, हाडं, डोकं, कुठे काय निघेल सांगता येत नाही. पण आत्ता आत जायचं थांबलं तर या वयात शरीर बरंचसं बाहेर टाकतं, असंही म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी अजून उभी आहे.

बाबा रिपोर्ट घेऊन कंपनीत गेले. हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आपले जुने पाववाले म्हणून पाठीवर हात ठेवला. एक माणूस बाटलीत पाणी भरून घेऊन गेला आणि थोड्या दिवसांनी कळवलं, सगळं मर्यादेत आहे. पाठोपाठ गल्लीत टँकर यायला लागला, कंपनीकडून स्नेहभेट म्हणून. पाणी चांगलं आहे, पण पिऊ नका, असा एकंदर प्रकार. गल्लीने टँकर भरून घेतला आणि तोंडं मिटून घेतली. मी कुणाला दोष देत नाही. शिवणवाल्या काकूंचा जावई तिथेच, दूधवाल्याचे दोन्ही मुलगे तिथेच. सगळ्यांच्या घरात खोकला आहे, खाज आहे, आणि सगळे सांगतात, हवा बदललीय.

तेव्हापासून तुझ्या बाबांनी एक उद्योग सुरू केलाय. रोज सकाळी ते मुठीएवढे दोन गोळे मळतात, तोच मैदा, तेच यीस्ट, एक जारच्या पाण्यात आणि एक बोअरच्या. दोन बशांमध्ये घालून दुकानाच्या काचेच्या कपाटात, केक ठेवायचो तिथे, शेजारी शेजारी ठेवतात. पाटी नाही, काही नाही. दुपारपर्यंत एक बशीबाहेर येतो आणि दुसरा तसाच काळवंडून बसतो. लोक पाव घ्यायला येतात, बघतात, पाव घेऊन जातात. कुणी बोललं नाही, पण गल्लीत घरोघरी जार दिसायला लागलेत. कंपनीचा एक साहेबही येऊन बघून गेला. हसला आणि म्हणाला, काका, पीठ म्हणजे काय प्रयोगशाळा आहे का? पुढच्याच आठवड्यात कँटीनने दुसरीकडून पाव घ्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, आता तरी ते गोळे काढा. बाबा म्हणाले, आता तर अजिबात नाही. आता त्यांना ताप येवो, कंबर धरो, ते दोन गोळे मळल्याशिवाय हा माणूस चहा घेत नाही. मला भीती वाटते रे. कुणी रात्री काच फोडेल याची वाटते, आणि काही न होता हे असंच चालू राहील याची त्याहून जास्त वाटते. सकाळी कंपनीच्या गेटचा भोंगा झाला की मी आधी वारा कुठला आहे ते बघते. मिठू खोकली की वाटी खाली ठेवते आणि दुसरा खोकला येतोय का ऐकत उभी राहते.

आम्हीही इथून निघावं, असं तू म्हणशील. कुठे निघणार? हे घर घेणार कोण, आणि भट्टी काय डोक्यावर घेऊन फिरायची? शिवाय बाबा काचेच्या कपाटापासून हलणार नाहीत, आणि मी त्यांना सोडून हलणार नाही. आमचं बनायचं ते शरीर बनून गेलंय. त्या विषयावर तू माझ्याशी वाद घालू नकोस, मी उत्तर देणार नाही.

मिठूचं ऐक. गोळ्या जेवणानंतर, आणि तिच्यासमोर बसून द्यायच्या, नाहीतर ती उशीच्या अभ्र्यात लपवते. हाताला मलम रात्री लावून मोजे घालायचे, मोजे घातले की ती बोलक्या बाहुल्यांचा खेळ करते, तो करू दे. केस मी बारीक कापून घेतलेत. छान दिसतात म्हणून सांग, सूनबाईला आधीच सांगून ठेव, तिचा चेहरा पडायला नको. पाणी प्यायला ती हल्ली तयार होत नाही, आणि त्याला मी कारण आहे. बळजबरी करू नकोस. तू स्वतः तिच्यासमोर त्याच भांड्यातलं पी, मग ती पिईल. परवा तिने मला विचारलं, आजी, मी पिठासारखी फुगणार नाही का आता? मी म्हटलं, तू इतकी फुगशील की दारातून जाणार नाहीस. तिला पटलं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

तिची पिशवी काल मी भरली. उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून सुती फ्रॉक, चड्ड्या, चपला, रंगाची पेटी. आज सकाळी मलम ठेवायला पुन्हा उघडली तर सगळ्याच्या तळाशी एक लोकरीचा स्वेटर. नवा कोरा, घरात कधी न पाहिलेला, आणि तिच्या मापाहून चांगला दोन बोटं मोठा. पुढच्या थंडीत येईल, कदाचित त्याच्या पुढच्याही. बाबांशी मी याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. त्यांना मी सुट्टीच सांगितली होती, तुला सांगितली तीच. मी स्वेटर होता तसा घडी करून ठेवला आणि वर फ्रॉक रचले. ते दुकानात होते, मी चहा नेऊन दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. बघितलं असतं तर मिठू आज गाडीत बसली नसती.

तर गुंड्या, महिनाभराची सुट्टी मी फोनवर म्हटलं ते खोटं होतं. मिठूला परत पाठवू नकोस. तुमच्या दोघांच्या कामाच्या पाळ्या, तुमची एवढीशी खोली, सगळं मला ठाऊक आहे, त्यातूनच काहीतरी जमवा, शाळा तिथेच बघा. ती रडेल, आजीकडे जायचं म्हणून जेवण टाकेल, पण लहान आहे, रुळेल. तिची मला काळजी नाही, मला माझी खात्री नाही. दोन वर्षांची असल्यापासून ती माझ्या कुशीत झोपलीय. पावसाळा संपला की मी फोन करेन आणि म्हणेन, पाणी आता सुधारलंय. म्हणेन, टँकर रोज येतो, बाबांना करमत नाही, आठच दिवस पाठव. आजारी आहे म्हणेन, आणि कदाचित खरोखर असेनही. रडेन, तुला दगड म्हणेन, सूनबाईला नको ते बोलेन. त्या वेळी हे पत्र काढ आणि मला फोनवर वाचून दाखव. तुझ्या आईने शुद्धीत असताना, मिठूचा जीव वाचावा म्हणून लिहिलंय, असं सांग, आणि माझं काही ऐकू नकोस.

तुझीच,
आई